चोवीस-सत्तर की चोवीस-एकशेपाच? दोन झूम लेन्समधून एक निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स अपुरी पडायला लागली की बहुतेकांसमोर हीच जोडी येऊन उभी राहते: २४-७० मिमी एफ/२.८ आणि २४-१०५ मिमी एफ/४. मिमीचा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं, आणि एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. मी दोन्ही वापरल्या आहेत. एक घेतली, विकली आणि पुन्हा घेतली. त्यामुळे पुढची उत्तरं अगदी तटस्थ आहेत असा माझा दावा नाही.

दोन्हींत नेमका फरक काय?

चोवीस-सत्तर दुप्पट उजेड आत घेते, चोवीस-एकशेपाच दीडपट लांब पोचते. बाकीचे फरक बहुतेक यातूनच निघतात. फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर २४ मिमीला कर्णातून मोजलेला दृश्यकोन सुमारे ८४ अंश असतो. ७० मिमीला तो ३४ अंशांवर येतो आणि १०५ला २३ अंशांवर. रुंद टोक दोघींचं एकच, त्यामुळे निसर्गदृश्यं किंवा घराच्या आतले फोटो हा तुमचा मुख्य उद्योग असेल तर दोघी तुम्हाला जवळजवळ सारख्याच वाटतील.

मग मी कोणती घ्यावी?

आधी तुमचे फोटो उघडा. आवडलेले नकोत, फसलेले उघडा.

हा सल्ला विचित्र वाटतो, पण निवडलेले फोटो या बाबतीत दिशाभूल करतात. जुन्या लेन्सला जे जमलं तेवढंच त्यांत दिसतं. तिला जे जमलं नाही, ते तुम्ही डिलीट करत आलात किंवा फोल्डरच्या तळाशी पडू दिलंत. नवी लेन्स घ्यायची ती त्या तळाशी पडलेल्या फोटोंसाठी. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ (मिमीचा आकडा), अ‍ॅपर्चर (एफचा आकडा), शटर (किती वेळ उजेड आत घेतला) आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) नोंदलेले असतात. लाइटरूममध्ये मेटाडेटा फिल्टर लावून ते वेगळे काढता येतात, आणि डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं. गेल्या वर्षभराचे फोटो घ्या आणि दोन ढीग करा. पहिल्या ढिगात उजेडाअभावी गेलेले: माणूस हलल्यामुळे पुसट आलेले, नाहीतर दाणेदार झालेले. दुसऱ्यात पल्ल्याअभावी गेलेले: विषय फ्रेममध्ये इवलासा राहिला आणि नंतर कापून मोठा करावा लागला असे.

जो ढीग मोठा, त्याची लेन्स घ्या.

एक खूण लगेच ओळखता येते. तुमची सध्याची लेन्स ५५ मिमीपर्यंत जात असेल आणि निम्मे फोटो नेमके ५५वरच असतील, तर तुम्हाला ५५ फार आवडतं असं समजू नका. झूमची रिंग तिथे अडली म्हणून तुम्ही तिथे थांबलात.

मला एफ/२.८ हवंच आहे, असं मी स्वतःला कित्येक महिने पटवत होतो. मोजायला बसलो तेव्हा दिसलं की अंधारात फसलेले माझे जवळजवळ सगळे फोटो एकाच ठिकाणचे होते, मित्रांच्या नाटकाच्या तालमींचे. बाकी सगळीकडे मी नुसता क्रॉप करत बसलो होतो.

एक स्टॉप म्हणजे प्रत्यक्षात किती?

उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं म्हणजे एक स्टॉप; एफ/२.८ आणि एफ/४मध्ये तेवढंच अंतर आहे. समजा, बॅडमिंटनच्या बंदिस्त हॉलमध्ये आहात. एफ/२.८ला १/५०० सेकंद शटर आणि आयएसओ ३२०० बसतंय. त्याच जागी एफ/४ लावलं तर दोनच मार्ग उरतात: शटर १/२५० करा, म्हणजे रॅकेट आणि मनगट पुसट येईल, किंवा आयएसओ ६४०० करा, म्हणजे दाणे वाढतील. एक स्टॉप म्हणजे एवढंच.

आता हे तुम्हाला जड जाईल का, ते कॅमेऱ्यावर आणि फोटोंचं पुढे काय करणार यावर अवलंबून आहे. अलीकडच्या फुल-फ्रेम सेन्सरवर ३२०० आणि ६४००मधला फरक फोनच्या पडद्यावर शोधूनही सापडत नाही, आणि नॉइज कमी करणारी आजची सॉफ्टवेअर हा स्टॉप बऱ्याच अंशी भरून काढतात. पण ६४०० हीच तुमची सुरुवात असेल आणि एफ/४मुळे १२८००, २५६००पर्यंत जावं लागत असेल, तर तोच एक स्टॉप सोन्याचा होतो. माझ्या तालमींमध्ये हेच होत होतं.

लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असेल तर एफ/४ पुरणार नाही का?

स्थिर वस्तूंसाठी पुरेल, किंबहुना जास्तच होईल. रात्रीची रिकामी गल्ली, संग्रहालयातली मूर्ती, मंद उजेडातलं छत असे फोटो हातात धरून अर्ध्या सेकंदाला निघालेले मी पाहिले आहेत. पण स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरचं मूल नाही. मूल पळत असेल तर शटर वेगवानच लागतं, आणि त्यासाठी उजेड.

ते नेमकं कुठे बसवलंय हेही पाहा. कॅननच्या आरएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी) २४-७० एफ/२.८ आणि २४-१०५ एफ/४ या दोन्हींत ते लेन्समध्येच आहे. सोनीच्या २४-१०५मध्ये आहे, पण २४-७० जीएम २मध्ये नाही. तिथे कॅमेऱ्यातल्या यंत्रणेवर भरवसा ठेवावा लागतो. निकॉनच्या झेड माउंटच्या २४-७० एफ/२.८ एस आणि २४-१२० एफ/४ एस या दोघींतही नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नसेल, तर हा मुद्दा एकदम वर येतो.

मागचं सगळं छान धूसर व्हायला हवं, मग एफ/२.८च ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याचं उत्तर बहुतेकांना पटत नाही, म्हणून गणित मांडून सांगतो.

मागची धूसरता नुसत्या एफ-आकड्यावर ठरत नाही. लेन्समध्ये समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास महत्त्वाचा असतो, आणि तो मिळतो फोकल लेंथला एफ-आकड्याने भागून. ७० भागिले २.८ म्हणजे २५ मिमी. १०५ भागिले ४ म्हणजे २६.२५ मिमी. म्हणजे दोन्ही लेन्सची लांब टोकं या हिशेबात जवळजवळ सारखीच आहेत, किंचित पुढे आहे ती एफ/४वाली.

आता तेच माणूस फ्रेममध्ये तेवढंच मोठं ठेवायचं आहे. ७० मिमीने तुम्ही २ मीटरवर उभे असाल, तर १०५ने ३ मीटरवर जावं लागेल. भिंत माणसाच्या मागे १ मीटरवर असेल तर एफ/२.८ची धूसरता साधारण सव्वापट जास्त दिसेल. मागची झाडं १८ मीटरवर असतील तर दोघी बरोबरीत. त्याच्याही पलीकडे १०५ एफ/४ नावापुरती पुढे जाते. शिवाय १०५चा दृश्यकोन अरुंद असल्यामुळे मागचा थोडाच भाग फ्रेममध्ये येतो, आणि पार्श्वभूमी आपोआप स्वच्छ वाटते.

म्हणजे बागेत, मैदानात, मोकळ्या जागी व्यक्तिचित्रं काढणाऱ्याला एफ/४ची लेन्स काही कमी देत नाही. खोलीत मात्र मागे जायला जागाच नसते, भिंत माणसाच्या पाठीला चिकटलेली असते, आणि तिथे एफ/२.८चं पारडं उघडच जड होतं.

आणखी एक गोष्ट. ७० मिमी, एफ/२.८, दीड मीटरवर चेहरा असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ७-८ सेंटीमीटर जाडीचा असतो. दोन माणसं एकमेकांच्या किंचित मागेपुढे बसली की एकाचे डोळे गेलेच. मग तुम्ही स्वतःहूनच एफ/४ लावता. दोन-तीन माणसांचे फोटो काढणाऱ्यांनी आपली एफ/२.८ची लेन्स खरोखर किती वेळा २.८वर चालते, हे एकदा मेटाडेटात पाहावं. गंमत वाटेल.

७० मिमीने काढून क्रॉप केलं तर १०५ मिळत नाही का?

मिळतं, पण पिक्सेल मोजून. ७०वरून १०५चा दृश्यकोन काढायला फ्रेमचा साधारण ४४ टक्के भाग उरतो. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर २० हाती राहतात. ते पुष्कळ झाले, मोठी छपाईसुद्धा निघते. २४ मेगापिक्सेलमधून साडेदहाच्या आसपास उरतात: पडद्यावर पाहायला ठीक, भिंतीवर लावायला काटकसर. क्रॉप केल्यावर दाणेही मोठे दिसतात, म्हणजे एफ/२.८ने कमावलेला स्टॉप तिथेच खर्ची पडतो. उलट दिशेने मात्र काहीच करता येत नाही. एफ/४च्या लेन्समधून दुप्पट उजेड कुठलंही क्रॉपिंग काढून देणार नाही.

शार्पनेसमध्ये कोण पुढे?

दोन्ही एफ/८वर असताना फोटो समोरासमोर ठेवले तर मला ओळखता येत नाहीत. एफ/४ला थोडा फरक पडतो, कारण तिथे एफ/२.८ची लेन्स एक पायरी बंद केलेली असते आणि दुसरी पूर्ण उघडी. कोपऱ्यांचा अंधारही एफ/४च्या लेन्समध्ये पूर्ण उघड्या छिद्राला जास्त दिसू शकतो, पण तो सॉफ्टवेअर एका टिचकीत घालवतं. विटांच्या भिंतींचे फोटो काढून आठवडा घालवू नका. एकाच मॉडेलच्या दोन नगांमधला फरक कधीकधी या दोन मॉडेलांमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो. म्हणून हातात आलेली लेन्स तपासणं जास्त महत्त्वाचं. ते पुढे सांगितलं आहे.

एफ/२.८ची लेन्स फार जड असते का?

असायची. कॅननची २००२ सालची २४-७० एफ/२.८ एल ९५० ग्रॅमची होती, तर २००५ची २४-१०५ होती ६७० ग्रॅमची. गळ्यात दिवसभर अडकवली की २८० ग्रॅमचा फरक संध्याकाळी मानेला कळतो. आता चित्र सरसकट तसं राहिलेलं नाही. सोनीची २०२२ची २४-७० जीएम २ आहे ६९५ ग्रॅमची आणि २४-१०५ आहे ६६३ ग्रॅमची, म्हणजे फरक उरला ३२ ग्रॅमचा. कॅननच्या आरएफमध्ये मात्र तो अजून २०० ग्रॅम आहे (९०० आणि ७००), आणि निकॉनच्या वर उल्लेख केलेल्या जोडीत १७५ (८०५ आणि ६३०).

तेव्हा ‘जड’ हा शब्द ऐकून निर्णय घेऊ नका, तुमच्या माउंटच्या दोन लेन्सचे आकडे शेजारी ठेवा.

माझा कॅमेरा एपीएस-सी आहे. मी या दोघींपैकी कोणती घेऊ?

शक्यतो कोणतीच नको. एपीएस-सी सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असतो, त्यामुळे त्यावर २४ मिमीचा दृश्यकोन फुल-फ्रेमवरच्या ३६ मिमीसारखा होतो, कॅननच्या आणखी थोड्या लहान (१.६ क्रॉप) सेन्सरवर ३८सारखा. खोलीत सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा म्हटलं की पाठ भिंतीला टेकते. शिवाय मोठ्या सेन्सरसाठी बनवलेल्या काचेचं ओझं विनाकारण वाहावं लागतं.

तुमच्यासाठी हीच लढत दुसऱ्या आकड्यांनी खेळली जाते. फुजीफिल्मवर १६-५५ एफ/२.८ आणि १६-८० एफ/४. इतर अनेक माउंटवर सिग्माची १८-५० एफ/२.८, जी ३०० ग्रॅमच्या आत बसते, आणि तिच्यासमोर १८-१३५सारख्या लांब पल्ल्याच्या लेन्स. वरची दोन ढिगांची मोजणी इथेही तशीच लागू पडते. पुढे कधीतरी फुल-फ्रेम घेऊच, म्हणून आत्तापासून फुल-फ्रेमची लेन्स घेऊन ठेवणारे बरेच भेटतात. त्यांतले काही अजून ‘कधीतरी’वरच आहेत.

फुलं, कीटक, दागिने असे जवळचे फोटो कोण चांगले काढतं?

इथे नावावरून अंदाज बांधता येत नाही, माहितीपत्रकात ‘कमाल मोठेपणा’ पाहा, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या जास्तीत जास्त किती पट उमटते ते. निकॉनची २४-१२० एफ/४ एस ०.३९ पटीपर्यंत जाते, तर त्यांच्या २४-७० एफ/२.८ एसची मजल ०.२२ पटीवर थांबते. पॅनासॉनिकची २४-१०५ एफ/४ तर ०.५ पटीपर्यंत जाते. कॅननच्या आरएफ जोडीत पारडं उलटं आहे: एफ/२.८ला ०.३० आणि २४-१०५ला ०.२४.

व्हिडिओसाठी?

झूम करताना दोघींचंही अ‍ॅपर्चर कायम राहतं, त्यामुळे मधेच उजेड बदलत नाही. मुलाखती आणि कार्यक्रमांना मी २४-१०५ नेतो. एका जागी उभं राहून पूर्ण मंचही मिळतो आणि चेहराही. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरवाला दांडा) वापरणार असाल तर झूम करताना लेन्सची नळी किती बाहेर येते ते बघा, नळी बाहेर आली की तोल बिघडतो. फोकस बदलताना चित्र किंचित जवळ-दूर गेल्यासारखं होतं का, हेही बघा. त्याला ब्रीदिंग म्हणतात आणि एकदा दिसलं की दिसतच राहतं.

फिल्टरचं काय?

एफ/२.८ला बहुधा ८२ मिमी लागतो आणि एफ/४ला ७७. मोठा फिल्टर घ्या आणि छोट्या लेन्सला तो बसवण्यासाठी स्टेप-अप रिंग लावा.

जुना डीएसएलआर आहे. ऑटोफोकसमध्ये फरक पडेल?

पडू शकतो. काही डीएसएलआरमधले मधले फोकस-बिंदू एफ/२.८ किंवा त्याहून उजळ लेन्स लावली तरच जास्त अचूकतेने काम करतात. व्ह्यूफाइंडरही उजळ दिसतो, अंधाऱ्या जागी तो मोठा दिलासा असतो. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे हा फरक बराच बोथट झाला आहे.

घेण्यापूर्वी दोन्हींची तुलना कशी करू?

जमल्यास दोन्ही एकेक दिवस भाड्याने किंवा मित्राकडून आणा आणि नेहमीचंच काम करा. पहिली लेन्स लावून मुलाच्या मागे पळा, दुसरी लावून पळा. कुठल्या लेन्सला तुम्ही जास्त वेळा मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते रात्री लिहून ठेवा.

आणायची सोय नसेल तर आहे त्याच लेन्सवर नाटक करता येतं. एक आठवडा झूम ७०च्या पुढे न्यायचा नाही असं ठरवा. पुढचा आठवडा एफ/४च्या खाली उतरायचं नाही. तुमची लेन्स मुळातच ५.६ला थांबत असेल, तर एफ/४ हीसुद्धा एक स्टॉपची बढतीच ठरेल, हे विसरू नका.

हातात आलेल्या नगाची तपासणी मात्र काटेकोर करा. कॅमेरा तिकाटण्यावर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. दूरची, बारीक तपशील असलेली सपाट वस्तू चौकटीभर घ्या आणि २४, ५० व शेवटच्या टोकाला, पूर्ण उघड्या छिद्राने फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव समजा. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच किंचित सरकलेली असण्याची शक्यता आहे. ती लेन्स परत करा, संकोच बाळगू नका.

वापरलेली लेन्स घेऊ का?

या दोन्ही प्रकारांत वापरलेल्या लेन्स मुबलक मिळतात, कारण आपल्यासारखेच गोंधळलेले लोक त्या घेतात आणि विकतात. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून टॉर्च आरपार मारा. जाळीसारखे धागे दिसले तर बुरशी, दुधी पडदा दिसला तर धुरकटपणा. दोन्हींतून माघार घ्यावी. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसू शकतो. फिल्टर बसतो ती कडा चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे, विकणारा काहीही सांगो. लेन्स खाली तोंड करून धरा: नळी आपोआप बाहेर घसरत असेल तर लगेच बिघाड नाही, पण वापर भरपूर झालाय हे नक्की.

मी एकदा धुरकटपणा न पाहता लेन्स घेतली होती. दिव्याकडे तोंड केलं की सगळा फोटो दुधाळ. विकणाऱ्याने ‘हीच तर हिची मजा’ म्हणून समजूत काढली, आणि मला ती महिनाभर पटलीही होती.

दोन्हींच्या मधली एखादी वाट आहे का?

आहे, आणि बहुतेकांना मी तीच सुचवतो: २४-१०५ एफ/४ घ्या आणि सोबत ३५ किंवा ५० मिमीची एफ/१.८ची छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स) ठेवा. एफ/१.८ ही एफ/४पेक्षा दोन स्टॉपहून जास्त उजळ, आणि एफ/२.८पेक्षाही सव्वा-दीड स्टॉपच्या आसपास पुढे. दिवसा झूम, अंधार पडल्यावर प्राइम. अडचण येते ती कार्यक्रमात, जिथे लेन्स बदलायलाच वेळ नसतो. तिथे राबणारे लोक चोवीस-सत्तरला चिकटून असतात ते उगाच नाही.

सगळं एकत्र हवं असेल तर कॅननने २०२३मध्ये २४-१०५ एफ/२.८ काढली आहे. वजन १३३० ग्रॅम.

तुम्ही शेवटी कोणती ठेवलीत?

आधी २४-१०५ घेतली. तालमी वाढल्यावर ती विकून २४-७० आणली. वर्षभराने २४-१०५ पुन्हा घेतली. आता २४-७० तालमीच्या पिशवीत असते आणि २४-१०५ कॅमेऱ्यावर.